घंटा गेल्यानंतर



आज सकाळी मी गोदाकाठी जाऊन आले. रामकुंडापासून चार पावलांवर नारोशंकराचे देऊळ आहे, त्याच्या तटावर ती घंटा आहे. तुम्हा नाशिककरांना तिचे काय कौतुक सांगायचे? पूर किती चढला हे सांगताना दुतोंड्या मारुतीबरोबर तिचेही नाव निघते. मोठ्या आवाजाच्या बाईला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची रीत तर साऱ्या मराठी मुलखात आहे. मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे हे बिरूद मलाही मिळालेले आहे. ते मला आवडतेही, कारण ती घंटा माझ्या गावाकडची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीत कृष्णेच्या काठी, एक तुमच्याकडे. आमच्याकडची माणसे देवदर्शनाला नव्हे, पण सहलीला भीमाशंकरला जातात आणि त्या घंटेखाली उभे राहून फोटो काढतात. तक्रार कुणी करत नाही. लढाईत असे होतेच, आणि ज्यांनी त्या घंटा ओतल्या त्यांनीही आधी कुणाकुणाची देवळे पाडलीच होती.

मला बोलायचे आहे ते घंटा गेल्यानंतरच्या वसईबद्दल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते इतिहास शिकवायचे. किल्ला पडला की धडा संपतो, असे पाठ्यपुस्तकाला वाटते. आमचा धडा तिथेच सुरू होतो.

आधी थोडे मागे जायला हवे. वसईच्या परिसरात ख्रिस्ती माणूस पोर्तुगिजांच्या आधीही येऊन गेला होता. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. जॉर्डन नावाच्या त्यांच्या सोबत्याने, तो डॉमिनिकन पंथाचा, त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, लोकलच्या गर्दीसाठी बदनाम झालेले. ठाण्यात त्या साधूंना आसरा दिला तोही तिथल्या ख्रिस्ती कुटुंबाने. पण त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीचा धागा पुढे कुठे गेला ते दिसत नाही. आमची खरी सुरुवात २३ डिसेंबर १५३४ ची. त्या दिवशी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. मग किल्ला आला, फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, डॉमिनिकन आले. किल्ल्याच्या आत दगडी शहर उभे राहिले, आणि बाहेर वाड्यांमधून, भातखाचरांच्या कडेने, गावोगावी चर्च उभे राहिले. रमेदी, सांडोर, पापडी, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर.

आमचे पूर्वज ख्रिस्ती कसे झाले, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देऊन टाकते. कुणी भीतीने झाले, कुणी जमीन राखायला, कुणी नोकरीसाठी, कुणी श्रद्धेने. एकाच घरातले तिघे तीन कारणांनी झाले असतील. देवळे पाडली गेली, उघड पूजेवर बंदी आली, गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोचत होता. हे झाकण्यात अर्थ नाही आणि आमच्यातले शहाणे लोक ते झाकतही नाहीत. राहता राहिली ती विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट. ती तुम्ही सर्वांनी लहानपणी ऐकली असणार, मीही वर्गात ऐकली, वर्गातली एकटी ख्रिस्ती मुलगी म्हणून. तेव्हा रडू आले होते. आता वाटते, त्या गोष्टीत पाव टाकणाऱ्याइतकाच, पाणी प्यालेल्या शेजाऱ्याला त्याच दिवशी वाळीत टाकणारा गावही आहे. त्याच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

त्याच काळातला एक वसईकर मात्र मराठी माणसाला ठाऊकच नाही. गोन्सालो गार्सिया. आई वसईची, वडील पोर्तुगीज. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत तो शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात उतरला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर खिळले, त्यात तो होता. तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते आणि तुकोबांचा जन्म व्हायचा होता. १८६२ मध्ये पोपनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. दरवर्षी त्याचा सण वसईच्या किल्ल्यात होतो, छप्पर नसलेल्या भग्न चर्चांच्या शेजारी माणसे नव्या कपड्यांत जमतात. आमच्या गावातले एक आजोबा म्हणायचे, जपानला जाऊन मेला म्हणून संत झाला, वसईतच राहिला असता तर सांडोरला केळी लावत बसला असता. ही थट्टा आहे, पण केळी लावत बसलेल्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे.

१७३९ साली काय झाले, ते जरा डोळ्यांपुढे आणा. फिरंगी सैन्य आणि शहरातली बडी कुटुंबे गलबतांत बसून गेली. युरोपियन पाद्री गेले. ज्या गावांच्या उत्पन्नावर चर्चचा खर्च चालायचा ती सरकारजमा झाली. शरणागतीच्या अटींत धर्म पाळायची मुभा होती आणि मराठ्यांनी गावातल्या ख्रिस्ती रयतेला सहसा हात लावला नाही, हे नमूद करायला हवे. पण राजाश्रय संपला. ख्रिस्ती राहून आता काही मिळणार नव्हते. नुसत्या जबरदस्तीने झालेला धर्म असता, तर तो त्या पावसाळ्यात वाहून जायला हरकत नव्हती. काही लोक परतलेही. मग बाकीचे का राहिले?

श्रद्धा हे उत्तर आमच्या प्रवचनांत देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. परत जाण्याचे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते, हे एक कारण. दोनशे वर्षांनी आलेल्याला पंगतीत कुठे बसवायचे, हा प्रश्न जातीच्या समाजात सोपा नसतो. दुसरे कारण माझ्या मते अधिक मोठे आहे. तोवर धर्मग्राम झाला होता.

‘धर्मग्राम’ हा शब्द तुम्हाला नवा असेल. इंग्रजीत पॅरिश म्हणतात त्याला आमचा हा मराठी शब्द. एक चर्च आणि त्याच्या भोवतीची पाच-सात गावे. मला तो शब्द आवडतो, कारण त्यात ग्राम आहे. बारशाची, लग्नाची, मरणाची नोंद एका वहीत. एक दफनभूमी, तिच्यात आजा-पणजा. कोणत्या आळीने कोणत्या सणाचा खर्च उचलायचा, याची ठरलेली पाळी. भावकी होतीच, तिच्यावर धर्ममायबापांचे नाते चढले. वसईच्या उत्तर पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती लोकांना ‘कुपारी’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला असे सांगतात, म्हणजे मुलाचा बाप आणि त्या मुलाचा धर्मबाप यांचे एकमेकांशी असलेले नाते. आख्ख्या समाजाचे नाव एका सोयरिकीवरून पडावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि होता कोपऱ्यावरचा क्रूस. वसईच्या कोणत्याही गावात शिरा, आळीच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस दिसेल, खाली ओटा, ओट्यावर मेणबत्तीचे ओघळ. तिथे प्रार्थनेला पाद्री लागत नाही. संध्याकाळी रोझरी म्हणायला, मे महिन्यात नऊ दिवसांची प्रार्थना करायला, आळीतली एखादी म्हातारी पुरते. पुढे गोव्याचे धर्मगुरू आले, त्यांनी तुटपुंज्या उत्पन्नावर धर्मग्राम सांभाळले. पण एक पाद्री आणि पसरलेली गावे, त्यात पावसाळ्याचा चिखल. मधल्या दिवसांत धर्म या ओट्यांवर चालला, बायकांच्या तोंडून. याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. वह्या पाद्री लिहीत, आणि पाद्री आपण नसताना काय झाले ते लिहीत नाहीत.

किल्ल्यातले दगडी शहर मात्र संपले. आज तिथे पिंपळाची मुळे कमानींतून उतरली आहेत आणि हिंदी सिनेमांची चित्रीकरणे होतात. बाहेरची चर्चे चालू आहेत. वरचे धनी बदलत राहिले. आधी गोवा, मग १८८६ पासून दमणचा धर्मप्रांत, १९२८ पासून मुंबई, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचे चर्च त्याचे कॅथीड्रल. गावातल्या माणसाला यातले काय कळले असेल? बिशपच्या नावाची प्रार्थना करताना नाव बदलायचे, इतकेच.

जाता जाता एक गंमत. गोव्याची माणसे पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला जातात. आमच्याकडचीही काही पोरे लोपीस, डायस, परेरा अशी आडनावे दाखवून चौकशी करून आली. त्यांचे पोर्तुगाल १९६१ ला संपले, आमचे १७३९ लाच. तेवढ्यासाठी बाजीरावांच्या भावावर रागावलेला एक तरुण मी पाहिला आहे.

आता केळी. वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे वाळूवरची गोड्या पाण्याची जमीन. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाड्या, खाजणे आणि मिठागरे, मध्ये वाड्या. पानवेली, केळी, फुले, भाजीपाला. राजेळी केळ्यांची सुकेळी आमच्याकडची, उन्हात वाळवून सोपटात बांधलेली. विहिरीवर रहाट असे, बैल गोल फिरत असे, आणि त्या कुरकुरीवर आम्ही अभ्यास केला. पाणी साठवायला वाडीतच खणलेली तळी असत, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. पावसाचे पाणी बावखलात उतरायचे, तिथून जमिनीत, जमिनीतून विहिरीत. समुद्र इतका जवळ असून विहीर गोड राहायची ती त्यामुळे.

बागायतदाराला सावकार चुकत नाही. पीक निघायच्या आधी पैसा लागतो. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बसीन कॅथॉलिक पतसंस्था निघाली. आज ती मोठी सहकारी बँक आहे, तिच्या शाखा वसईबाहेरही आहेत. सुरुवात मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहण्यात होती. आजच्या भाषेत याला वित्तीय समावेशन वगैरे म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत, “सावकाराच्या ओट्यावर बसायची वेळ गेली.” माझ्या दृष्टीने ही पतपेढी आणि कोपऱ्यावरचा क्रूस या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे वरून कुणी येणार नाही हे धरून चाललेले.

जात म्हटले, तर तेही बोलून टाकते. धर्मग्राम म्हणजे काही स्वर्ग नव्हता. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी हे भेद आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवले नाहीत, कोरडे ठेवले. एकाच चर्चमध्ये एकच प्रसाद घेणारी माणसे सोयरीक जुळवताना जात पाहत होती. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलाचालीत हा प्रश्न आला होता आणि तो माझ्या घरच्यांनी काढला होता. पूर्वेकडे, वाडा-तलासरी-जव्हारकडे, वारली ख्रिस्ती बांधव आहेत. ते आणि आम्ही एकाच धर्मप्रांताच्या छत्राखाली आहोत. छत्र एक आहे. जेवायला एकमेकांकडे किती जातो, ते मी इथे सांगत नाही.

भाषेबद्दल मात्र अभिमानाने बोलणार आहे, मास्तरीण आहे मी. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते तुम्ही अभ्यासाला वाचले असेल, ओवी आणि रोमन लिपी. पण नंतर चर्चमधली भाषा लॅटिनच राहिली. माझ्या लहानपणी फादर आमच्याकडे पाठ करून मिस्सा म्हणत. तांबडे लुगडे नेसलेली आजी लॅटिन उत्तरे अगदी चोख द्यायची. त्यांचा अर्थ विचारला तर म्हणायची, “देवाला कळतं, तुला कशाला?” मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते ६५, आणि पूजा लोकभाषेत करायला परवानगी मिळाली. मुंबईजवळच्या साष्टीतले आमचे भाऊबंद, वांद्रे-कुर्ल्याकडचे, आधीच इंग्रजीकडे झुकले होते. १८८७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना उभारली होती. वसईत मात्र चर्चच्या शाळा मराठी होत्या. फादर वळून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलले, तेव्हा आम्ही तयार होतो. आजी थोडी हिरमुसली. पहिले काही रविवार ती म्हणाली, “हे तर घरी बोलल्यासारखंच वाटतं.” खरे तर घरीही आम्ही तसे बोलत नव्हतो. घरी कादोडी बोली, शेजारी वाडवळी, शाळेत पुस्तकी मराठी.

त्याच मराठीतून ‘सुवार्ता’ मासिक वाढले. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी १९८३ पासून २००७ पर्यंत ते चालवले आणि चर्चचे पत्रक न ठेवता महाराष्ट्राच्या वाचकांचे मासिक केले. त्यांनी मराठीत आणलेल्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. आमच्या गावात मात्र लोक दुसऱ्याच गोष्टीवर बोलत होते. पाठीचे दुखणे असलेला माणूस इतका प्रवास कसा करणार? २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, पावसात, आपल्याच गावात.

त्यांची मला सर्वांत जवळची आठवण पुस्तकांची नाही, पाण्याची आहे. १९८८ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यातले बांधकामावरचे निर्बंध सैल झाले. बिल्डर आले. त्यांच्या इमारतींना पाणी नव्हते, म्हणून टँकर आले आणि वाड्यांतल्या विहिरी उपसू लागले. पाणी विकणारे आमचेच लोक होते, हे विसरू नका. केळ्यापेक्षा पाणी विकण्यात पैसा होता. दोन-तीन उन्हाळ्यांत विहिरी खाऱ्या झाल्या. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. त्या लढ्यात दिब्रिटो होते, हिंदू-मुसलमान शेतकरी होते, आणि बायका फार होत्या. दादागिरीचा काळ होता, बोलणाऱ्याला घरी निरोप येत. मी एका मोर्चात गेले होते. घोषणा देऊन घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खडूने फळ्यावर लिहूनच शिकवले. नारोशंकराची घंटा एक दिवस बंद पडली, असे मुले म्हणाली.

आम्ही जिंकलो का? काही जागा राहिल्या, पुष्कळ गेल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, गावे आत की बाहेर यावर आणखी एक लढा झाला, २९ गावांचा वाद तर कोर्टात वर्षानुवर्षे भिजत पडला. बावखले भरावाखाली गेली. मध्ये काही तरुणांनी उरलेली बावखले मोजायला आणि साफ करायला घेतली, हे चांगले झाले. पण ज्याच्या वाडीत बावखल आहे त्याला दर चौरस फुटाचा भाव रोज कानावर येतो. मी त्याला नावे ठेवणार नाही, मला वाडी नाही.

धर्मग्राम बदलला आहे. वसई रोडच्या बाजूला केरळचे, मंगळूरचे, तमिळनाडूचे कॅथलिक आले, त्यांच्या मिस्सा त्यांच्या भाषेत होतात. आमची नातवंडे इंग्रजी मिस्सा मागतात. दोन पिढ्यांपूर्वी लॅटिन सोडताना आजी हिरमुसली होती, आता मराठी सुटताना मी हिरमुसते, आणि मला ऐकवले जाते की देवाला कळतं, तुम्हाला कशाला? उत्तर सुचत नाही.

माझ्या भावाची वाडी विकली गेली. तिथे सात मजल्यांची इमारत आहे. आळीच्या तोंडाशी असलेला क्रूस बिल्डरने हलवू नये यासाठी भांडण झाले, तो जागेवर राहिला. फक्त आता तो पार्किंगच्या शेजारी आहे आणि रात्री गाड्या वळताना त्याच्यावर उजेड पडतो. इमारतीत निम्म्याहून अधिक बिऱ्हाडे बाहेरची आहेत. तरी मे महिन्यात नऊ संध्याकाळी प्रार्थना होते, खुर्च्या मांडल्या जातात, आणि शेवटच्या दिवशी उकडलेले चणे वाटतात. आजीचे पातेले इतके मोठे आहे की सोसायटीतल्या कोणाच्याच गॅसवर बसत नाही. म्हणून गेटजवळ विटांची चूल मांडतात. यंदा शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. अकराच्या सुमारास परत आलो तर वॉचमन गेटाशी उभा होता. प्रतापगढचा आहे, चार वर्षांपासून इथे आहे. म्हणाला, “माँजी, उद्या शेवटचा दिवस. तुम्ही विसरलात वाटतं, मी चणे भिजत घातलेत.”